थोरलीची गळती

रविवारी नाश्ता करूनच या, असं बाबांनी तिन्ही मुलांना फोनवर बजावलं होतं. म्हणजे काम आहे आणि खायला काही मिळणार नाही. तरी मोठा उपाशीच आला. तो बसडेपोत वेळापत्रकं आखतो. कुठली बस किती उशिरा येणार हे त्याला आदल्या दिवशी ठाऊक असतं, पण बापाच्या घरी काय होणार हे पन्नाशी आली तरी ओळखता येत नाही. सोबत त्याची बायको, म्हणजे बाकीच्यांची वहिनी, होती. ती स्वतःपुरता डबा घेऊन आली होती, कारण तिला ओळखता येतं.

काम थोरलीचं होतं. थोरली म्हणजे मोटरसायकल. पहिलं मूल व्हायच्या आधी ती या घरात आली, म्हणून थोरली. मोठा त्या हिशेबाने दुसरा, आणि शाळेत भावंडं किती असं विचारलं की तो खुशाल थोरलीलाही धरून सांगायचा. एका सिलिंडरचं जाडजूड इंजिन, काळी टाकी, आणि इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखालून सदोदित झिरपणारं ऑइल. पोर्चमध्ये तिच्या पोटाखाली पत्र्याचा एक ट्रे कायमचा ठेवलेला असायचा, आणि नवीन पाहुणा त्यात पाय घालणार हे घरच्यांनी गृहीत धरलेलं असायचं.

थोरली उभी असताना ऑइल ट्रेमध्ये पडायचं. चालताना ते वाऱ्याने मागे उडायचं आणि मागे बसलेल्याच्या उजव्या पायावर जायचं. असंच एकदा बाबा आणि आई फोटो काढायला स्टुडिओत गेले, तेव्हा आईचे नवे कोरे कपडे गुडघ्यापर्यंत बरबटले. त्या फोटोत ती खुर्चीच्या मागे उभी आहे आणि चेहरा असा आहे, की फोटो भिंतीवर लावायचा धीर कोणाला झाला नाही. घरी येऊन ती बाबांना म्हणाली होती, की हिची गळती थांबली की बसेन. दुसऱ्या कोणाला तो टोमणा वाटला असता. बाबा पंपाच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी ते काम म्हणून अंगावर घेतलं.

ते काम आजवर झालं नव्हतं. त्यानंतर आई बसमध्ये बसली, रिक्षात बसली, मोठ्याच्या गाडीत, धाकट्याच्या टेम्पोत बसली. थोरलीवर बसली नाही. बाबांनीही पुन्हा कधी बस म्हटलं नाही.

आणि आता त्यांनी जाहीर केलं होतं, की लायसन्स संपतंय, नवं काढणार नाही, थोरली तिघांपैकी एकाला देऊन टाकणार. कोणाला, ते फेरी झाल्यावर सांगीन. फेरी म्हणजे आज दुपारी आईला मागे बसवून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. त्याआधी इंजिन कोरडं झालं पाहिजे.

मुलांना हायसं वाटलं होतं. बापाला गाडी सोडायला कसं सांगायचं याचं एक भाषण मोठ्याने मनाशी तयार करून ठेवलं होतं, त्यात वयाचा मुद्दा अगदी शेवटी, हळूच यायचा. ते वाया गेलं याचं त्याला थोडं वाईटही वाटत होतं.

लायसन्स संपतंय हे खरं होतं. पण थांबायचं कारण ते नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाबा एकटेच बसने जाऊन आले होते, आणि तिथे जे कळलं ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. त्यांना मधलं दिसेनासं झालं होतं. कडेचं दिसायचं. माणसाकडे बघितलं की दोन कान दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी मळकट धूर. मघाशी वहिनी आत आली, तिला त्यांनी ओळखलं ते डब्याच्या खडखडाटावरून.

टाकीपर्यंतचा रस्ता सरळ होता, वळण एकच, खड्डे तोंडपाठ. रविवारी दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. सावकाश जायचं, टाकीला वळसा घालायचा, परत यायचं. बेत त्यांनी नीट आखला होता, आणि हा शुद्ध वेडेपणा आहे हेही त्यांना कळत होतं. पण बायकोला एकदा तरी मागे बसवून न्यायचं होतं. ती बाई इतकी वर्षं बसने गेली आणि आपण नुसतं ऑइल पुसत राहिलो, याची त्यांना लाज वाटायची.

धाकटा आला तो हातात सिलिकॉनची नळी घेऊनच. त्याचं मासे ठेवायच्या काचेच्या टाक्या बनवायचं दुकान आहे. जगातल्या कुठल्याही फटीवर त्याच्याकडे एकच औषध असतं. खिडकी झाली, मोरी झाली, एकदा वहिनीच्या चपलेचा तळवासुद्धा त्याने सिलिकॉनने चिकटवून दिला होता, आणि ती चपल फेकून दिली तेव्हाही तळवा शाबूत होता. त्याचं म्हणणं असं, की माझ्या टाकीत माणूसभर पाणी उभं असतं, थेंब बाहेर येत नाही, मग या एवढ्याशा झाकणाचं काय घेऊन बसलात. बाहेरून एक जाड रेघ मारू, तासाभरात सुकेल, आई बसेल.

मोठ्याला हे पटलं. दोघा भावांचं शेवटचं एकमत घराला कुठला रंग द्यायचा यावर झालं होतं, आणि तो रंग पहिल्या पावसाळ्यात गेला. त्यानंतर ते कशावरच एकत्र आले नव्हते. आज आपण एका बाजूला आहोत हे लक्षात आल्यावर दोघेही जरा बिचकले.

मग ताई आली. ती दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर परक्या लोकांचे जबडे समोर ठेवून घासत बसते, त्यामुळे घरच्यांशी बोलताना तिचा संयम सुटत नाही. मोठा तिच्याहून मोठा आहे, पण लहानपणी एकदा तिने त्याला दटावलं तेव्हापासून तोही तिला ताईच म्हणतो. तिने इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, की वरून लिंपून काही व्हायचं नाही. झाकण उघडून बघायला हवं.

मोठा म्हणाला, आज उघडलं आणि संध्याकाळपर्यंत परत बसलं नाही तर काय. धाकटा म्हणाला, चालू गाडीचं पोट कशाला फाडायचं. वहिनी म्हणाली की तिचं मत विचारलं तर सिलिकॉन, आणि नाही विचारलं तरी सिलिकॉन, कारण पोर्च तिलाच पुसावा लागतो. ते खोटं होतं, पोर्च आई पुसते. पण मतदान झाल्यासारखं झालं, आणि सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबांनी खांबाच्या खिळ्याला टांगलेला पाना काढला आणि ताईच्या हातात दिला. "तू उघड. मला वाकता येत नाही हल्ली," ते म्हणाले. आईने हे आतून ऐकलं. कालच ते खाटेखाली शिरून मांजराला बाहेर काढत होते.

बोल्ट इतके घट्ट होते की सुटताना किंचाळले. झाकण वर आलं आणि त्याच्या कडेने आत सिलिकॉनच्या दोऱ्या लोंबत होत्या. काळ्या, नारिंगी, पांढऱ्या. धाकट्याने वेळोवेळी कोणाला न सांगता बाहेरून जे भरलं होतं, ते आत शिरून बसलं होतं. एक दोरी तर ऑइल वर आणणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशीच आली होती. ती आत गेली असती तर वरच्या भागाला ऑइलच मिळालं नसतं आणि थोरली चालता चालता जागच्या जागी जाम झाली असती. ताईने चिमट्याने ती ओढून काढली आणि धाकट्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवली. धाकटा म्हणाला की ते जुन्या प्रकारचं सिलिकॉन आहे, आता सुधारलंय.

जागा स्वच्छ पुसून झाल्यावर ताईने पर्समधून निळा कागद काढला. कवळी तोंडात बसवताना वरच्या आणि खालच्या दातांमध्ये हा कागद धरतात. जिथे दात टेकतात तिथे निळा डाग उठतो, मग तेवढंच घासायचं. तिने तो कागद आणि त्याखाली पांढऱ्या कागदाची पट्टी झाकणाच्या कडेखाली ठेवली, बोल्ट नुसते बोटांनी फिरवले, पुन्हा काढले आणि पांढरी पट्टी सगळ्यांना दाखवली. डाग फक्त बोल्टांच्या भोकांपाशी होते. मधे काहीच नव्हतं.

"पॅकिंगचा दोष नाहीये," ती म्हणाली. "झाकण वाकलंय. बोल्टपाशी दबलंय आणि मधे उचललंय. हे आवळून आवळून झालंय. जितकं आवळाल तितकी फट मोठी होते. कोण आवळतं हे?"

पाना जाता येता हाताला येईल असा खांबालाच टांगलेला असायचा, आणि प्रत्येकजण त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होता.

पहिल्यांदा बाबांनी कबूल केलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अगदी थोडंसं. थेंब दिसला की राहवायचं नाही. मग मोठा म्हणाला की आपण दर रविवारी निघताना हात मारतो. बाबांशी काय बोलायचं ते कधी सुचत नाही, तेवढीच त्यांची सेवा. वहिनी म्हणाली की मोठा विसरायचा तेव्हा ती आवळायची, दोन्ही हातांनी, कारण एका हाताने तिला कुठलंच काम केल्यासारखं वाटत नाही. धाकट्याने पान्याला लांब पाइप जोडून जोर लावला होता. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो त्याने मागाहून आवरला. ताईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली की तीसुद्धा. गेल्या वेळी आली तेव्हा. दिसला थेंब, उचलला पाना.

म्हणजे सगळं घर बापावर उपकार करत होतं, एकमेकांना न सांगता, आणि सगळ्यांनी मिळून ते झाकण केळ्याच्या सालीसारखं वाकवलं होतं. मोठ्याला हसू आलं. पण हसायची वेळ आहे की नाही ते कळेना, म्हणून त्याने घसा साफ केला.

"मी रोज दुपारी," आई दारातून म्हणाली. "हे झोपले की."

सगळे वळले. त्या फोटोच्या दिवसापासून आईने थोरलीला बोट लावलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पोर्च पुसतानासुद्धा ती ट्रेच्या भोवतीनं पुसायची.

"तू कशाला?" मोठ्याने विचारलं.

"मला बसायचं होतं," आई म्हणाली आणि आत गेली.

बाबा पायरीवर बसून होते. त्यांना आजवर वाटत आलं होतं, की ही बया एकदाची सुटली त्या गाडीतून. आपला हट्ट आपल्यापुरता आहे, तिला त्याचं काही नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. आणि ती रोज दुपारी पाना घेऊन उभी राहत होती. त्यांना मनापासून आनंद झाला. आणि लगेच भीती वाटली, कारण आता फेरी रद्द करायला तोंडच उरलं नव्हतं.

सिलिकॉनचा पक्ष तिथेच फुटला. मोठ्याने बाह्या सरसावल्या. वहिनीने डबा बाजूला ठेवला आणि काय धरू ते सांगा म्हणाली. धाकटा नळी पायरीवर ठेवून दुकानात गेला आणि टाकीच्या तळाला लावतात तशी जाड काच घेऊन आला. याहून सपाट वस्तू गावात मिळायची नाही, असं त्याने सांगितलं, आणि ते कोणी नाकारलं नाही.

काचेवर पाण्याने वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद, चिकटवला आणि त्यावर झाकण उपडं ठेवून घासायला सुरुवात झाली. सरळ घासायचं नाही, इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचं, नुसत्या झाकणाच्या वजनाने. मोठा वरून दाबायचा आणि ताई त्याच्या मनगटावर टिचकी मारायची. धाकट्याचा हात हलका निघाला. काच पुसायची सवय. मोठ्याला त्याचं कौतुक करायचं होतं, पण तशी पद्धत त्यांच्यात नव्हती, म्हणून त्याने धाकट्याच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या रुमालाने पुसला. दोघेही ओशाळले आणि पुन्हा घासायला लागले. थोरली मिळाली तर कुठे ठेवशील, असं धाकट्याने हळूच विचारलं. मोठा म्हणाला, हॉलमध्ये, खिडकीपाशी. वहिनी म्हणाली, मग सोफा तुम्ही डोक्यावर घेऊन फिरा. त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

तोवर बाबा झाकणाखाली बसवायचं नवं पॅकिंग कापत होते. जाड कागद इंजिनाच्या तोंडावर पसरायचा आणि लहान हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने टकटक ठोकत जायचं, म्हणजे कागद बरोबर त्या आकारात कापला जातो. हे काम बाबांइतकं सफाईने कोणी करत नसे. ताई ऐकत होती. ठोका एका लयीत पडत होता, कागद एका कडेने सुटत येत होता, आणि बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. इंजिनाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. एक हात पुढे चाचपत जायचा, दुसरा मागून ठोकत यायचा.

असेल सवय, असं ताईने मनाशी म्हटलं.

घासून झालेलं झाकण तिने पुन्हा निळा कागद आणि नवी पट्टी घालून तपासलं. आता डाग सलग उठला होता, कुठेही न तुटता, सबंध कडेने. तिला इतकं बरं वाटलं की पट्टी घेऊन ती थेट बाबांकडे गेली. बघा, कसं बसलंय.

बाबांनी पट्टी उजेडाकडे धरली, मान एका बाजूला कलती केली, पट्टी थोडी लांब नेली. "वा," ते म्हणाले. "एकदम सलग. कुठे फट नाही."

ताईच्या दुसऱ्या हातात अजून एक पट्टी होती. तिने खाली बघितलं. सलग डागाची पट्टी तिच्याच हातात राहिली होती. बाबांच्या हातात सकाळची होती, बोल्टांपाशी चार ठिपके आणि बाकी कोरी.

तिने ती हळूच काढून घेतली. मग जुने तांब्याचे वॉशर उचलले, गॅसवर तापवून आणते म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ऑइलच्या नळीचे हे वॉशर वर्षानुवर्षं आवळून कडक झालेले असतात. ते लाल होईपर्यंत तापवले आणि पाण्यात सोडले की पुन्हा मऊ पडतात आणि नीट बसतात. आई ओट्याशी उभी होती. ताईने चिमट्यात वॉशर धरून ज्योतीवर ठेवला.

"आई, बाबांना दिसत नाहीये. आणि ते तुला घेऊन—"

"वॉशर बघ," आई म्हणाली. "लाल झाला. पाण्यात टाक."

ताईने टाकला. चर्र झालं.

"तुला माहीत होतं."

आईने दुसरा वॉशर तिच्या पुढे सरकवला. "तू इंजिन कोरडं कर. बाकीचं माझ्यावर सोड. आणि भावांना आत्ता काही सांगू नकोस. मोठा लगेच भाषण करेल."

ताई तिथेच उभी राहिली. हिच्यावर सोडायचं म्हणजे काय सोडायचं, ते तिला कळेना. आई तडकाफडकी फेरी नाही म्हणाली तर बाबा सगळ्यांसमोर तोंडघशी पडतील. आणि आईला कुठे नाही म्हणायचंय, ती तर इतकी वर्षं झुरली. दोघं मिळून निघालेच तर आपण गाडीपुढे आडवं पडायचं, असं ताईने ठरवलं. कवळ्या बनवणाऱ्या बाईने रविवारी दुपारी बापाच्या गाडीपुढे आडवं पडायचं. ठरवून झाल्यावर तिने गॅस बंद केला.

सगळं पुन्हा चढवलं तेव्हा ऊन कललं होतं. बोल्ट ताईने एकटीने आवळले, आखूड पान्याने, दोन बोटांत धरून, समोरासमोरचे आळीपाळीने. बाकीचे हात मागे बांधून उभे होते, कारण तिने तसं सांगितलं होतं. ती थांबली तेव्हा मोठ्याला ते इतकं सैल वाटलं की त्याचा जीव वरखाली झाला. आणखी थोडं, असं तो पुटपुटला. वहिनीने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने मागचे हात आणखी घट्ट बांधले.

आईने आपला पावडरचा डबा पाठवून दिला. झाकणाच्या कडेने सगळीकडे पावडर शिंपडली, म्हणजे थेंब आला तर लगेच दिसेल. थोरली मेन स्टँडवर होती. बाबांनी पायाने किक चाचपली, एकदा हळू फिरवली आणि मग दिली. दुसऱ्या किकला ती सुरू झाली. इंजिन तापेपर्यंत कोणाची पापणी लवली नाही. पावडर पांढरीच राहिली. चुलत्याच्या लग्नातसुद्धा या घराने इतक्या लक्षपूर्वक काही पाहिलं नव्हतं. बाबांनी कडेने बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

"कोरडी आहे," ते म्हणाले. मग त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं.

आई बाहेर आली. तिने फिक्या रंगाचे ठेवणीतले कपडे घातले होते आणि पांढरे मोजे. एवढी तयारी बघून वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने धुराचं निमित्त केलं. मोठा स्टँडवरून गाडी ढकलायला पुढे झाला. ताई त्याच्या आधी पुढे झाली.

"राहू दे," आई म्हणाली. "स्टँडवरच राहू दे."

"स्टँडवर?" धाकटा म्हणाला.

"मला सवय राहिली नाही. पडायची भीती वाटते. आज स्टँडवरच बसते." तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा तुम्ही पुढे."

बाबा बसले. आई त्यांच्या मागे चढली, वहिनीने तिला कोपराला धरून आधार दिला. तिने पाय फूटरेस्टवर ठेवला. मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर होतं. इंजिन धडधडत होतं, आणि त्या आवाजात ती दोघं काय बोलली ते पोर्चमध्ये कोणाला ऐकू गेलं नाही.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही पेपरची पानं न वाचता उलटायला लागलात तेव्हापासून."

बाबांनी हँडलच्या मुठी चाचपल्या. मग म्हणाले, "मला तुला न्यायचं होतं गं."

"मग न्या की. गिअर टाका."

बाबांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. मागचं चाक हवेत फिरायला लागलं. मग दुसरा. आईचा हात खांद्यावरून कमरेशी आला. धाकट्याने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीने त्याचा दंड धरला. बाबांची मान समोरच्या भिंतीकडे होती आणि तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, हे तिच्या नेमकं लक्षात आलं होतं. मोठा ताईच्या कानाशी लागला, बाबांना दिसत नाही का. ताईने होकारार्थी मान हलवली. मोठ्याने तयार केलेल्या भाषणातलं एकही वाक्य त्याला आठवेना. तो धाकट्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, अगदी खेटून. थोरली कोणाला द्यायची, हा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही.

"पाण्याची टाकी मागे पडली," बाबा जरा मोठ्याने म्हणाले. "आता पूल."

"पुलावर हळू घ्या. मला खाली बघायचंय."

बाबांनी मूठ सैल केली. चाकाचा वेग उतरला. आणि मग, या घरात पहिल्यांदा, त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

आईने उजवीकडे मान वळवली. तिकडे पोर्चचा कोपरा होता, त्यात झाडू, वहिनीचा डबा आणि धाकट्याची काच.

"पाणी खूप आहे," आई म्हणाली. "काठावर कोणीतरी गाय धुतंय. गाय कंटाळलीय."

"आणि पुढे?"

"पुढे रस्ता मोकळा आहे."

बाबांनी वरचा गिअर टाकला.